घरच्या तेलासाठी करडई की भुईमूग? उताऱ्यापलीकडची तुलना

घरच्या वर्षभराच्या तेलासाठी एखादा एकर राखून ठेवायचे म्हटले की पहिला प्रश्न निघतो तो उताऱ्याचा, म्हणजे दाण्यातून किती टक्के तेल निघते याचा, आणि त्या एका निकषावर करडई मागे पडते. तिचा दाणा दाताखाली फोडून पाहिला तर कारण कळते: पांढरे, कडक टरफलच वजनाने जवळजवळ निम्मे भरते आणि आत मगज इवलासा निघतो. त्यामुळे परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी कुसुम’सारख्या वाणातही तेल ३० टक्क्यांच्या आसपासच असते, तर शेंगदाण्यात ते ४८ ते ५० टक्के सांगितले जाते. मात्र ही तुलना टरफलासह दाण्याची सोललेल्या दाण्याशी होते. १०० किलो वाळलेल्या शेंगांतून साधारण ७० किलो दाणे निघतात, म्हणजे शेंगांच्या वजनावर भुईमूगही ३५ टक्क्यांच्या घरातच येतो.

कस पाहायचा तर तेल ज्यांचे बनलेले असते ती स्निग्धाम्ले पाहावी लागतात. करडईच्या प्रचलित वाणांच्या तेलात लिनोलिक आम्ल ७० टक्क्यांहून अधिक आणि संपृक्त स्निग्धाम्ले १० टक्क्यांहून कमी असतात. ‘ई’ जीवनसत्त्वही भुईमुगाच्या तेलापेक्षा बरेच जास्त असते. लिनोलिक आम्ल शरीराला स्वतः तयार करता येत नाही, म्हणून ते आहारातून मिळणे आवश्यक आहे. पण हवा आणि उष्णता लागली की तेच लवकर बिघडते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या डब्याचे झाकण उघडताच जो खवट वास येतो, त्याचे मूळ येथे आहे. फोडणीला हे तेल उत्तम. एकच तेल कढईत पुन्हा पुन्हा तापवणाऱ्या घराला मात्र मी ते सुचवणार नाही.

टीएजी-२४ सारख्या नेहमीच्या भुईमूग वाणात ओलिक आम्लाचे, म्हणजे लिनोलिकपेक्षा उशिरा बिघडणाऱ्या स्निग्धाम्लाचे, प्रमाण मध्यम असते आणि संपृक्त भाग करडईच्या दुपटीच्या आसपास जातो. २०२० मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या गिरनार-४ आणि गिरनार-५ या वाणांत ओलिक आम्ल ८० टक्क्यांच्या जवळ असल्याने त्यांचे तेल आणि दाणे दोन्ही अधिक टिकतात. आपल्या जिल्ह्यासाठी त्यांची शिफारस आहे का, हे कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच बियाणे घ्यावे. हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने करडईतही उच्च ओलिक वाण दिले आहेत. दाणा भरताना तापमान कसे होते यावरही ओलिकचे प्रमाण बदलते, म्हणून दोन वेगवेगळ्या हंगामांतील आकडे शेजारी ठेवून वाण ठरवणे चुकीचे आहे.

पाण्याचा हिशेब तर टाळताच येत नाही. करडई रब्बीत जमिनीतल्या ओलीवर येते. उन्हाळी भुईमुगाला विहीर शेवटपर्यंत साथ देणारी हवी. शिवाय शेंगा भरताना ताण पडला किंवा काढणीनंतर त्या ओल्या राहिल्या, तर बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होण्याचा धोका असतो, आणि तो वाण बदलून टळत नाही. म्हणून कोरडवाहू रानासाठी माझा कौल करडईला आहे. पाणी असेल आणि घरात तळण जास्त असेल, तर उच्च ओलिक भुईमुगाला.

ओमेगा-३ हे दुसरे आवश्यक स्निग्धाम्ल मात्र या दोन्ही तेलांत नगण्य असते. ते जवसाच्या चटणीतून मिळवावे, कारण जवसाच्या तेलात त्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते.

बियाण्याबाबत एक फरक लक्षात असावा. भुईमूग स्वपरागीत असल्याने उच्च ओलिक बियाणे घरी राखता येते, फक्त खळ्यावर दुसऱ्या वाणाच्या शेंगा त्यात मिसळू देऊ नयेत. करडईच्या फुलांवर मात्र मधमाश्या फिरतात. शेजारच्या रानात साधी करडई असेल, तर उच्च ओलिक वाणाचे बियाणे पुढच्या वर्षी विकतच घ्यावे.