एका पार्टीला दुसऱ्या पार्टीचं नाव सुचवावं का? हिशेब लिहिणाऱ्यापुढच्या तीन वाटा

भोसरी एमआयडीसीतल्या लघुउद्योगांची खाती सांभाळणाऱ्याला पार्टीकडून, म्हणजे ग्राहकाकडून, हा प्रश्न हमखास येतो: "पावडर कोटिंगवाला कुणी चांगला आहे का तुमच्याकडे?" असतो. त्याची बिलंही तुम्हीच टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकत असता. मग एक तर कुणाचंच नाव द्यायचं नाही, नाहीतर दोघांना विचारून गाठ घालून द्यायची, किंवा गाठ घालून कमिशन घ्यायचं.

नाव न देणं सर्वांत निर्धोक. ग्राहकाची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर सांगणं हे सीएसाठी १९४९ च्या कायद्यानुसार गैरवर्तन आहे. निव्वळ हिशेब लिहिणाऱ्याला तो कायदा लागू नाही, पण पार्टी तितक्याच विश्वासाने बँक स्टेटमेंट हातात देते. तोटा एवढाच, की ज्यांना एकमेकांचा उपयोग झाला असता ते शेजारच्या गाळ्यांत असूनही अनोळखी राहतात.

मला दुसरी वाट पटते, मात्र ती शिस्तीने चालायला हवी. ज्याचं नाव बाहेर जाणार त्याला आधी फोन करायचा: "कोटिंगचं काम आहे एकाकडे, तुमचा नंबर देऊ का?" कोण विचारतंय हे तेव्हा सांगायचं नाही, कारण विचारणाऱ्याला नवी ऑर्डर आली आहे हीसुद्धा त्याची खासगी बाब आहे. होकार आला की फक्त नंबर द्यायचा.

खरी गळती नावातून होत नाही. ती पुढच्या प्रश्नातून होते: "पेमेंटला कसा आहे? इतरांना काय रेट लावतो?" इथे चांगलं बोलणंही धोक्याचं. आज एकाची स्तुती केलीत आणि उद्या दुसऱ्याबद्दल गप्प राहिलात, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ बरोबर लावला जातो. म्हणून उत्तर सगळ्यांबाबत एकच हवं: कुणाच्याही व्यवहाराबद्दल मी बोलत नाही, जीएसटी पोर्टलवर बघून घ्या. जीएसटी नंबर टाकला की नोंदणी चालू आहे का आणि रिटर्न कधी भरली, हे कुणालाही दिसतं. जानेवारी २०२२ पासून विक्रेत्याने बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवल्याशिवाय खरेदीदाराला त्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही, त्यामुळे ही तपासणी पार्टीच्या खऱ्या कामाची आहे.

गाठ पडल्यावर अवघड भाग सुरू होतो. एकाचं येणं ते दुसऱ्याचं देणं, आणि दोन्ही कंपन्या तुमच्याच कॉम्प्युटरवर. बाकी जुळली नाही की दुसऱ्याचं लेजर, म्हणजे खातेवही, उघडून पाहण्याचा मोह होतो. उघडू नका. आपल्या पार्टीला समोरच्याकडून रीतसर खातेउतारा मागवायला सांगा, मग जुळवणी करा. पैसे का अडकलेत हे तुम्हाला माहीत असलं तरी तेही बोलायचं नाही. एवढं जमणार नसेल तर पहिली वाट धरलेली बरी. दोघे एकाच धंद्यातले स्पर्धक असतील तेव्हाही तीच.

कमिशनच्या वाटेला मी जाऊ नका म्हणेन. ज्या खरेदीवर तुम्ही कमावता, त्याच खरेदीचं बिल फुगलेलं आहे का हे तुम्हीच तपासायचं असतं. घ्यायचंच ठरवलं, तर दोन्ही पार्ट्यांना आधी लेखी कळवा आणि ते उत्पन्न आपल्या हिशेबात दाखवा.

एक पेच मात्र उरतो. तुमची पार्टी स्वतःहून ज्याच्याकडे निघाली आहे, तो ॲडव्हान्स घेऊन महिनोन् महिने काम करत नाही, हे तुम्हाला त्याच्या खात्यावरून दिसतंय. ते सांगता येत नाही. पण नव्या माणसाशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येक पार्टीला तुम्ही एक सल्ला देऊ शकता: पहिला लॉट छोटा द्या, ॲडव्हान्स कमीत कमी ठेवा, तारीख पीओवर, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑर्डरवर, लिहून घ्या. आजवर हे कुणालाच सांगत नसाल, तर आजपासून सगळ्यांना सांगायला लागा.