दोघी मिळून सांभाळणारे घर: रीडिंगमधील एका चाइल्डमाइंडर सेवेचे परीक्षण

आमची मुलगी जेमतेम चालू लागली होती, तेव्हापासून ती इंग्लंडमधील रीडिंग शहराच्या पूर्व भागातील एका घरी दिवसभर असते. त्या घरात दोन नोंदणीकृत चाइल्डमाइंडर, म्हणजे घरी इतरांची मुले पैसे घेऊन सांभाळणाऱ्या बायका, एकत्र काम करतात आणि त्यांच्या हाताखाली एक मदतनीस आहे. ते एकीचे राहते घर असल्यामुळे नावे आणि पत्ता येथे देत नाही. परंतु इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या आणि आजी-आजोबांचा आधार जवळ नसलेल्या अनेक मराठी पालकांना अशा जोडसेवेबद्दल नेमके काय पाहावे, काय विचारावे याची कल्पना नसते. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पहिली शंका संख्येची असते, आणि ती रास्त आहे. आपल्याकडच्या घरगुती पाळणाघरात किती मुले घ्यायची हे बहुधा पाळणाघर चालवणाऱ्या काकूच ठरवतात. इंग्लंडमध्ये ते ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेच्या नोंदणीने आणि सरकारच्या बालसंगोपन मानकांनी बांधलेले आहे. एका चाइल्डमाइंडरला एका वेळी ८ वर्षांखालील जास्तीत जास्त ६ मुले सांभाळता येतात. त्या सहांपैकी जास्तीत जास्त ३ लहान असू शकतात. लहान म्हणजे पाचव्या वाढदिवसानंतरचा १ सप्टेंबर ज्यांना अजून यायचा आहे अशी मुले. त्यातही एक वर्षाखालील बाळ साधारणपणे एकच. चाइल्डमाइंडरची स्वतःची मुलेही या आकड्यात धरली जातात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. दोघी एकत्र काम करत असतील तर ही मर्यादा सरळ दुप्पट होते: एकूण १२, त्यांत लहान ६, आणि एक वर्षाखालील सामान्यतः २. पूर्वी एका घरात अशा प्रकारे जास्तीत जास्त तिघांना काम करता येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून चौघांना येते, मग ते चौघे चाइल्डमाइंडर असोत की काही चाइल्डमाइंडर आणि काही मदतनीस. चारांहून अधिक माणसे झाली की ती चाइल्डमाइंडरची सेवा राहत नाही, तिची नोंदणी वेगळ्या प्रकारात होते.

स्कॉटलंड आणि वेल्समधील वाचकांनी वरचे आकडे स्वतःला लावू नयेत. स्कॉटलंडमध्ये १६ वर्षांखालील ८, त्यांत १२ वर्षांखालील ६, त्यांत शाळेत न जाणारी ३ आणि एक वर्षाखालील १ अशी उतरंड आहे. वेल्समध्ये १२ वर्षांखालील १०, ८ वर्षांखालील ६, ५ वर्षांखालील ३ आणि दीड वर्षाखालील २.

आता या घराविषयी. नियमाप्रमाणे तेथे १२ मुले असू शकतात हे पहिल्या भेटीत कळले, तेव्हा आम्ही दोघेही मनातून धास्तावलो होतो. एका साध्या दुमजली घरात बारा मुले म्हणजे कसे, असा विचार येणे स्वाभाविक आहे. आमचे मत बदलले ते त्या दोघींनी आम्हांला दाखवलेल्या एका कागदामुळे. त्यावर आठवड्याच्या प्रत्येक दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने होते, आणि प्रत्येक रकान्यात कोणते मूल घरात आहे, कोणत्या मोठ्या माणसाच्या ताब्यात आहे आणि त्याचे वय काय हे पेन्सिलीने भरलेले होते. नियमांवरून फक्त कमाल संख्या समजते. सव्वातीन वाजता आपले मूल कोणाजवळ असेल, हे या कागदावरून समजते. या सेवेचे खरे मोल मला या हिशेबात दिसते.

सव्वातीनचाच दाखला घेऊ. त्या वेळी दोघींपैकी एक शेजारच्या प्राथमिक शाळेतून मोठ्या मुलांना आणायला जाते. ती दाराबाहेर पडली की घरात एकच मोठी व्यक्ती उरते आणि तिच्यापुरती मर्यादा पुन्हा ३ लहान मुलांवर येते. घरात ५ लहान मुले असतील, तर त्यांतल्या दोघांना जोडगाडीत बसवून शाळेपर्यंत न्यावेच लागते, मग बाहेर पाऊस असो की एखाद्याची झोप अर्धवट झालेली असो. ‘आम्ही दोघी आहोत, सहा लहान चालतात’ एवढ्या उत्तरावर ज्या पालकांचे समाधान होते, त्यांनी हा अर्धा तास डोळ्यांसमोर आणून पाहावा. या घरी मदतनीस दुपारी अडीचला येते, त्यामुळे झोपलेल्या मुलांना उठवावे लागत नाही. मदतनीस एकटीने मुले सांभाळू शकते, परंतु पालकांची परवानगी असेल तरच आणि एका दिवसात जास्तीत जास्त दोन तास. शिवाय तिच्याकडे लहान मुलांच्या प्रथमोपचाराचे चालू प्रमाणपत्र असावे लागते. आमच्याकडून त्यासाठी स्वतंत्र सही घेतली आणि मदतनिसाचे प्रमाणपत्र आम्ही मागण्यापूर्वीच समोर ठेवले. ते दर तीन वर्षांनी नव्याने घ्यावे लागते, म्हणून त्याची तारीख अवश्य पाहावी.

जोडसेवेचा सर्वांत मोठा फायदा सांगितला जातो तो असा की, एक आजारी पडली तर दुसरी असते. हे अर्धेच खरे आहे. दोघींनी मिळून ६ लहान मुले घेतली असतील आणि सकाळी सात वाजता एकीला ताप भरला, तर दुसरीला एकटीने तिघांनाच घेता येईल. उरलेल्या तिघांच्या आईवडिलांना त्याच सकाळी रजा टाकावी लागेल. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबावर दुसऱ्या एका जोडसेवेत ही वेळ पुन्हा पुन्हा आली, आणि घरी कोणाला पाठवायचे याचा काही नियम ठरलेला नसल्यामुळे पालकांमध्ये आपसांत कटुता आली. आम्ही ज्या घराविषयी लिहीत आहोत तेथे दोघींनी जाणीवपूर्वक ६ ऐवजी ४ लहान मुलांवर कायमच्या जागा थांबवल्या आहेत, फक्त दोन दिवशी पाचवे मूल येते. एक आजारी असेल त्या दिवशी मदतनीस सकाळपासून येते, म्हणजे मोठी माणसे पुन्हा दोन होतात आणि कोणालाही परत पाठवावे लागत नाही. शाळेची फेरी मात्र अशा दिवशी सगळ्यांनी मिळून करावी लागते. दोन जागा रिकाम्या ठेवणे म्हणजे त्यांच्या उत्पन्नातली मोठी घट आहे, आणि ती त्यांनी स्वीकारली आहे याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. त्यांची तासाची फी आसपासच्या इतर चाइल्डमाइंडरपेक्षा थोडी जास्त आहे, तिचे कारण मला येथे सापडते आणि ते पटते.

नियमात काही सवलतीही आहेत, आणि पालकांनी त्या माहीत करून घ्याव्यात, कारण एखाद्या दिवशी चार लहान मुले एकीजवळ दिसली तर ती गैरव्यवहाराचीच खूण असेल असे नाही. आधीपासून येणाऱ्या मुलाचे भावंड घ्यायचे असेल, किंवा चाइल्डमाइंडरचे स्वतःचे बाळ असेल, तर सर्व मुलांच्या गरजा नीट भागत आहेत हे दाखवता येत असल्यास तीनची मर्यादा शिथिल होऊ शकते. तीन ते पाच वर्षांची जी मुले फक्त शाळेच्या आधी, शाळेनंतर किंवा शाळेच्या सुट्टीत येतात, त्यांना इतर तीन लहान मुलांच्या जोडीला घेता येते. ८ वर्षांखालील सहाची एकूण मर्यादा मात्र पाळावीच लागते. या घरातील एकीचा सात वर्षांचा मुलगा चारनंतर घरी असतो आणि तक्त्यात त्याचेही नाव इतर मुलांसारखेच लिहिलेले असते. आठ वर्षांवरील मुलांना हे प्रमाण लागू नाही, पण त्यांच्यामुळे लहानांची आबाळ होता कामा नये, एवढी अट आहे.

येथेच माझी पहिली तक्रार आहे. चार ते साडेपाच या वेळात घर भरून जाते. संख्या मर्यादेतच असते, अनेकदा ती नऊ-दहाच्या पुढे जात नाही. परंतु शाळेतून दमून, भुकेलेली आलेली मुले आणि दीड वर्षाची बाळे एकाच बैठकीच्या खोलीत असली की लहानांच्या वाट्याला गोंगाट येतो. आत घालवायच्या वेळेसाठी जागेचेही प्रमाण ठरलेले आहे: दोन वर्षांखालील मुलामागे ३.५ चौरस मीटर, दोन वर्षांच्या मुलामागे २.५ आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलामागे २.३. म्हणजे दोन वर्षांखालील तीन आणि तीन वर्षांवरील तीन अशी सहा मुले असतील, तर लहानांसाठीच १७.४ चौरस मीटर मोकळी, वापरता येणारी जागा हवी. या घरात बैठकीची खोली आणि मागचा काचेचा सोपा मिळून ती सहज भरते. तरीही हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो, बाग बंद होते, आणि तीच जागा अपुरी वाटू लागते. आम्ही हे बोलून दाखवल्यावर त्यांनी मोठ्या मुलांचे गृहपाठाचे टेबल काचेच्या सोप्यात हलवले. त्याने फरक पडला आहे, पण पूर्ण नाही. ज्यांचे मूल आवाजाने बावरते, त्यांनी पाहणीसाठी सकाळी दहाला न जाता मुद्दाम साडेचारला जावे. सकाळी बहुतेक सगळीच घरे शांत आणि नीटनेटकी असतात.

जेवणाची व्यवस्था उत्तम आहे. सप्टेंबर २०२५ पासून मुले खात असताना ती सतत नजरेच्या आणि ऐकण्याच्या टप्प्यात असली पाहिजेत आणि त्याच खोलीत प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती असली पाहिजे, यावर नियमांनी अधिक भर दिला आहे. येथे सर्वांचे जेवण एकाच वेळी, एकाच टेबलाभोवती होते आणि दोघींपैकी एक त्या वेळी फक्त बसून असते. भांडी, फोन, दार यांकडे दुसरी पाहते. द्राक्षे उभी चिरून दिली जातात. घरचा डबा चालतो, पण एका मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असल्यामुळे दाण्याचा कूट असलेले काहीही पाठवता येत नाही. काकडीच्या कोशिंबिरीपासून भरल्या वांग्यापर्यंत आपल्या किती पदार्थांत कूट असतो, हे तेव्हा जाणवले. आता आमच्या मुलीसाठी खोबऱ्यावर भागते, आणि तिला तेच आवडू लागले आहे.

दोघी असल्या तरी आपला करार कोणाशी आहे हे लेखी असावे, असा माझा आग्रह राहील. प्रत्येकीची नोंदणी स्वतंत्र असते आणि जबाबदारीही. आमचा करार एकीशी आहे. मुलीच्या प्रगतीच्या नोंदी, औषधाची परवानगी, अपघाताची वही या सगळ्यांवर तिचीच सही असते. रोजच्या व्यवहारात मात्र मुलगी दोघींनाही सारखीच बिलगते, आणि ही दुहेरी माया एकट्या चाइल्डमाइंडरकडे मिळाली नसती. एकीला गाण्याची आवड आहे, तर दुसरी मुलांना घेऊन चिखलात, पानांत, पाण्यात तासन् तास रमते.

पैशांच्या बाबतीत दुसरी तक्रार आहे. नोकरी करणाऱ्या पालकांना मूल नऊ महिन्यांचे झाल्यापासून पुढे सप्टेंबर २०२५ पासून आठवड्याला ३० तासांचे जे सरकारी अनुदान मिळते, ते वर्षातील ३८ आठवड्यांपुरते असते. तेच तास वर्षभर पसरून घेण्याची सोय या घरी आहे. परंतु त्यानंतर आठवड्याला किती तास उरतात आणि जेवणाचे, सहलीचे वेगळे पैसे किती, हे पहिल्या बिलापर्यंत आम्हांला स्पष्ट सांगितले गेले नाही. आता त्यांनी त्याचे छापील पत्रक केले आहे. उरलेल्या रकमेसाठी करमुक्त बालसंगोपन खाते वापरता येते. त्यात पालकांच्या दर ८ पौंडांमागे सरकार २ पौंड घालते. दोघींच्या रजा वेगवेगळ्या आठवड्यांत असतात, नाताळचा आठवडा वगळता घर बंद राहत नाही, आणि आपण भारतात गेलो तर त्या काळाची फी पूर्ण द्यावी लागते. हे शेवटचे कलम जड वाटते, पण जागा मोजक्याच ठेवायच्या असतील तर ते समजण्यासारखे आहे.

एकंदर पाचपैकी साडेचार गुण मी देईन. अर्धा गुण संध्याकाळच्या गर्दीसाठी आणि बिलाच्या त्या अस्पष्टतेसाठी कमी केला आहे. येथे किंवा अशा कोणत्याही जोडसेवेत जागा हवी असेल, तर चौकशी वर्षाच्या सुरुवातीलाच करावी. मोठी मुले सप्टेंबरमध्ये रिसेप्शनच्या, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या वर्गात जातात, फक्त शाळेच्या आधी-नंतर येऊ लागतात, आणि लहानांच्या जागा त्याच वेळी मोकळ्या होतात. त्या कोणाला मिळणार हे मात्र बहुतेक वेळा ईस्टरच्या आतच ठरून गेलेले असते.