पुणे–नागपूर विमान, नऊ महिने: तिकिटावरची 85 मिनिटं आणि माझ्या वहीतला हिशोब

गेल्या आठवड्यात पुण्याच्या लोहगाव विमानतळावर दोन तास चाळीस मिनिटं बसवून ठेवलं, म्हणून हे लिहायला घेतलं, एरवी आळसच. आई नागपूरला, मी कोथरूडला. नऊ महिन्यांत बारा फेऱ्या झाल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळे एकाच माळेचे मणी.

माझं खरं दुखणं उशिराचं नाहीच. तिकिटावर छापलेल्या 1 तास 25 मिनिटांचं आहे. सरळ रेषेत पुणे–नागपूर साधारण 600 किलोमीटर. चाकं उचलल्यापासून टेकेपर्यंत मी मोबाइलवर वेळ लावतो (बायको हसते, हसू दे). जानेवारीतली नोंद: सुटायची वेळ 7:10, दार लागलं 7:22, उड्डाण 7:34, नागपूरला टेकलं 8:31. सत्तावन्न मिनिटं! गेटला लागलं 8:37, म्हणजे छापील वेळेपेक्षा फक्त दोन मिनिटं उशीर. पंधरा मिनिटांच्या आतलं सगळं ‘वेळेवर’ धरतात. मग वेळापत्रकात आधीच जादा मिनिटांची हवा भरून ठेवायची आणि वेळेत पोचलो म्हणून पाठ थोपटून घ्यायची, असा हा धंदा, असं माझं ठाम मत झालं होतं.

परतीच्या नोंदी बघितल्यावर ते जरा डळमळलं. तेच अंतर नागपूरहून येताना 1 तास 9, एकदा 1 तास 12. हिवाळ्यात वर पश्चिमेकडून जोराचं वारं असतं. जाताना ढकलतं, येताना अडवतं. त्यात लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. सुखोईंचा सराव चालू असला की आपण रांगेत. म्हणजे थोडी हवा भरायलाच लागते, मान्य. पण अर्धा तास?

बरं, जानेवारीतल्या त्या दिवशीचा घर ते घर हिशोब. कोथरूडहून 4:15 ला निघालो, 509 चौकात अडकलो, मग सुरक्षा तपासणी, मग नुसतं बसणं. नागपूरला बॅग 8:55 ला हातात, त्रिमूर्तीनगरला आईच्या दारात 9:15. पाच तास. 600 भागिले 5, ताशी 120. समृद्धीवर कारला तेवढीच मुभा आहे! आईनं दार उघडताना विचारलं, “विमानानंच आलास ना रे?”

आता गेल्या आठवड्याचं. एवढ्या छोट्या उड्डाणाला दोन तासांच्या वर उशीर झाला तर खायला द्यावं लागतं, असा नियम आहे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सर, फक्त पाणी आहे.” नियम मोबाइलवर काढून दाखवल्यावर तिनं कुणाला तरी फोन केला आणि दहा मिनिटांत डबा आला. गारढोण सँडविच, कडा सुकलेल्या. माझ्यामुळे मागच्या चाळीस जणांनाही मिळालं. आभार एकानंही मानले नाहीत.

तरी जाताना विमानच घेईन. आगाऊ काढलं तर तिकीट 3,900 ला पडतं आणि शुक्रवारचं रात्रीचं जेवण आईकडे होतं. दिवाळीत मात्र 11,200 दाखवत होते, तेव्हा गुपचूप गरीबरथ. परतीला अजनीहून वंदे भारत धरणार आहे. बारा तास म्हणजे बारा तास, छापलेले आणि बसलेले सारखेच. तिकीट काढलंय, खिडकीचं.