चरबी सांगणारा वजनकाटा: साठीच्या पुढच्या बायकांना कितपत उपयोगाचा?

चार धातूच्या पट्ट्यांचा, मोबाइलला जोडायचा वजनकाटा आता लातूर-परभणीतही सहज मिळतो. वजन तो चोख दाखवतो. शंका आहे ती सोबत येणाऱ्या चरबी-स्नायूंच्या टक्क्यांबद्दल.

काटा चरबी मोजतच नाही. तळपायातून अगदी सौम्य वीज सोडतो, तिला किती अडथळा होतो ते बघतो आणि वय-उंची धरून बाकीचं सूत्राने काढतो. वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. दंड-छातीचा आकडा निव्वळ अंदाज. अंगात पाणी कमी असलं की चरबी जास्त दिसते. म्हणून मे महिन्याच्या उन्हात, निर्जळी एकादशीनंतर, किंवा बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असताना आकडा फसवतो. टाचांना भेगा असतील तर काटा कधीकधी नुसता 'एरर' देतो. ओल्या फडक्याने तळपाय पुसून उभं राहावं. सगळ्यात जास्त घोळ होतो उंचीत. मणके दबून, पाठ वाकून उंची घटलेली असते, आणि मुलं ॲपमध्ये आईची जुनीच उंची भरतात. भिंतीला टाचा टेकवून नव्याने मोजा.

सकाळी शौचाहून आल्यावर, चहाच्या आधी, न हलणाऱ्या फरशीवर, पंधरा दिवसांतून एकदा, एवढं पुरे. पेसमेकर असेल तर या काट्यावर चढायचंच नाही.

पायांत जोर किती, हे मात्र त्याला कळत नाही. वजन तेवढंच राहून स्नायू झिजतात आणि पोट सुटतं. त्यासाठी शिंप्याची टेप बरी: पोटरीचा घेर ३३ सेंमीपेक्षा कमी भरला तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी (पायाला सूज असेल तर हे माप धरू नये). मग भिंतीला टेकवलेली खुर्ची. हात छातीवर घेऊन ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयात ११ पेक्षा कमी म्हणजे पाय कमजोर. व्यायामही हाच: ८-१० उठबशांच्या दोन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा.

जोडीला प्रथिनं हवीत, किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम. ५५ किलोच्या बाईला ५५ ग्रॅम तरी. ज्वारीच्या एका भाकरीतून जेमतेम ५-६ ग्रॅम मिळतात, पातळ वरणातून त्याहून कमी. मटकीची उसळ, दही, अंडी, शेंगदाण्याचा कूट दोन्ही जेवणांत यायलाच हवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

घरात साधा काटा असेल तर हा घेऊ नका. नवा घ्यायचाच असेल तर घ्या, पण तीन महिन्यांचे टक्के शेजारी-शेजारी ठेवूनच वाचा.