अब्दुल करीम खाँसाहेब, एक हमाल आणि चार रविवारचा लेखनवर्ग: साडेतीन स्टार

ऑनलाइन लेखनवर्ग होता, चार रविवार, विषय गवयाचं आयुष्य, त्याचं गाव सुटणं आणि त्यातून आपण काय लिहायचं. नाव देत नाही कारण खाली तक्रारपण आहे आणि शिकवणाऱ्या बाई मनाने चांगल्या आहेत.

पहिला रविवार वायाच गेला. मुळं, माती, विरह, हेच शब्द गोल गोल फिरत होते आणि निम्म्यांचे माइक चालू.

दुसऱ्या रविवारी किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब आले आणि वर्गात जीव आला. १८७२ साली उत्तर प्रदेशातल्या कैराण्यात जन्मलेला माणूस, बडोद्याला दरबारात गायला, तिथून सरदारघराण्यातल्या ताराबाई मान्यांबरोबर निघाला तो फिरत फिरत शेवटी मिरजेचाच झाला. बाईंनी चरित्र वाचत न बसता त्यांचं 'चंद्रिका ही जणू' लावलं आणि म्हणाल्या, कैराण्याचा माणूस मराठी पद गातोय, यात तुम्हाला कुठलं गाव ऐकू येतंय ते लिहा. वेळ ३ मिनिटं, कारण जुन्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं, वाक्य अर्धं राहिलं तर राहू दे. मी लिहिलं बडोदा सोडताना तंबोरा कसा नेला असेल, तारा सैल केल्या असतील, भोपळ्याभोवती कुणाचं लुगडं गुंडाळलं असेल. लुगड्यापाशी टायमर वाजला. बरं झालं, पुढे मी विरहच आणला असता.

हँडआउटमध्ये मात्र चक्क लिहिलेलं की खाँसाहेब मिरजेत वारले. अहो, कबर मिरजेत आहे, पण गेले ते १९३७ साली, मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या छोट्या स्टेशनवर! छातीत दुखायला लागलं म्हणून गाडीतून उतरले, फलाटावरच अंथरूण टाकलं आणि दरबारी रागात प्रार्थना गात गेले असं सांगतात. मी हे चॅटमध्ये टाकलं, म्हटलं आता बाई चिडणार, तर त्यांनी ठरलेला स्वाध्याय बाजूला ठेवला आणि सांगितलं की त्या स्टेशनवरच्या हमालाच्या तोंडून हा प्रसंग लिहा, त्याला हा माणूस कोण ते माहीत नाही, भाषाही कळत नाही, आणि 'सूर', 'गाणं' हे शब्द बंद. अख्ख्या कोर्सचे पैसे त्या वीस मिनिटांत वसूल झाले. माझ्या हमालाला फक्त ट्रंकेची काळजी, ती परत डब्यात चढवायची की नाही हे कोणी सांगतच नाही त्याला.

तिसऱ्या-चौथ्या रविवारबद्दल विशेष काही नाही, एकमेकांचं वाचन झालं, एकाने तर सव्वीस मिनिटं खाल्ली.

आता खरी तक्रार. लेखी अभिप्राय मिळणार होता, तो कोर्स संपून आठ दिवसांनी आला आणि त्यात एकच ओळ, "छान, ओघवतं झालंय." ग्रुपवर विचारलं तर आणखी दोघांना तीच ओळ, स्वल्पविरामासकट. रागदारी शिकायला म्हणून जाणार असाल तर जाऊ नका, लिहिताना अडकला असाल तर जा.

आणि हो, मैत्रीण नव्या बॅचला बसलीये, तिने हँडआउटचा फोटो पाठवला. खाँसाहेब अजून मिरजेतच वारतायत.