ओमिआई, संस्था की ॲप? टोकियोतल्या एका मुलीपुढचे तीन मार्ग

मुलींच्याच शाळा-कॉलेजात शिकलेली, नोकरी लागल्यावरही आईवडिलांकडे राहणारी, कुठल्याही मुलाबरोबर कधी साधं कॉफी प्यायलाही न गेलेली पंचविशीतली जपानी मुलगी. घरात लग्नाचा विषय निघालाय. तिच्यासाठी मार्ग निवडताना मी आधी एकच बघेन: नकार द्यायची वेळ आली तर तो कोण देणार?

जुन्या पद्धतीच्या ओमिआईत, म्हणजे मध्यस्थामार्फत लग्नासाठी ठरवलेल्या भेटीत, स्थळ आणते मावशी, नाहीतर वडिलांचे साहेब. फोटो आणि परिचयपत्रं इकडून तिकडे जातात, मग मोठ्या हॉटेलच्या लाउंजमध्ये भेट. आपले कांदेपोहे आठवतील, पण इथे मुलीला ट्रे घेऊन बाहेर यावं लागत नाही. नकारही मध्यस्थच कळवतो. पण मध्यस्थ वडिलांचे साहेबच असले, की नाही म्हणायला जीभ रेटत नाही. 1898 च्या नागरी कायद्यानुसार 25 वर्षांखालच्या मुलीला लग्नासाठी आईवडिलांची संमती लागे. 1947 मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेनं दोघांचीच संमती पुरेशी ठरवली, तरी साहेबांची भीड आहेच. 1960 च्या दशकाच्या अखेरीस प्रेमविवाहांनी या पद्धतीला मागे टाकलं ते कायमचंच.

लग्न जुळवणारी संस्था म्हणजे याच ओमिआईचा पगारी अवतार. अविवाहित असल्याचा सरकारी दाखला, पदवीचं प्रमाणपत्र, पुरुषांना उत्पन्नाचा पुरावाही द्यावा लागतो. सुरुवातीला एकाच वेळी अनेकांना भेटायची मुभा असते, पुढे एकालाच. नको असेल तर सल्लागाराला सांगायचं, पुढचं तो बघतो, आणि नात्यागोत्यात कुणी दुखावत नाही. बऱ्याच संस्थांत रात्रीचा मुक्काम एकत्र केला तर लग्न ठरलं असं मानून शुल्क लावतात. आईवडील खूश! हे शुल्क दोन लाख येनांच्या घरात जाऊ शकतं; नोंदणीचे आणि महिन्याचे पैसे वेगळे. शिवाय साधारण तीन महिन्यांत हो की नाही ते सांगा, असा रेटा. ज्या मुलीला दुसऱ्या भेटीत जेमतेम तोंड उघडता येतं, तिला हे फार लवकर होतं.

ॲप स्वस्त, माणसं भरपूर, पण नकार स्वतःच द्यायचा. समोरचा काही न सांगता गायब झाला तर तेही एकटीनंच पचवायचं. खासगी ॲपवर लग्न झालेला माणूसही अविवाहित म्हणून मिरवू शकतो. टोकियो महानगर सरकारनं सप्टेंबर 2024 मध्ये सुरू केलेल्या ॲपवर मात्र अविवाहित असल्याचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा आणि मुलाखत लागते. दोन वर्षांचे 11,000 येन. पैशांची ओढाताण असेल तर मी हेच सुचवेन.

नाहीतर संस्था. फक्त सल्लागाराला पहिल्याच दिवशी सांगावं, की तीन महिन्यांची मुदत वाढवून मिळते का ते बघा. आणखी एक काम त्याच्याकडे सोपवावं. जपानी कायद्यानं नवराबायकोचं आडनाव एकच लागतं, आणि सुमारे 95 टक्के जोडप्यांत ते बायकोच बदलते. या मुलीला माहेरचं आडनाव ठेवायचं असेल, तर समोरचा आपलं बदलायला तयार आहे का, हे पहिल्या भेटीआधी सल्लागारानंच विचारून घ्यावं.