पांढऱ्या रश्श्याला शोभणारा शब्द

कोल्हापुरात गंगावेशीकडून पंचगंगेच्या घाटाकडे उतरताना एका बोळात ही खानावळ आहे. पाटी नाही. सहा टेबलं, आत मावशी आणि त्यांची सून. गेल्या रविवारी नातीला घेऊन गेलो. सुकं मटण, भाकरी, तांबडा-पांढरा लागेल तेवढा. थाळी 280 रुपये.

तांबडा चांगला आहे, कट दिसतो तेवढा जहाल नाही. पण मी लिहायला बसलो ते पांढऱ्यासाठी.

कोल्हापूरचं जेवण म्हणजे घाम काढणारं तिखट, असं बाहेरगावच्यांनी धरूनच ठेवलंय. पांढऱ्यात चटणी नाही, हळदही नाही. मटणाचं अळणी (मटण शिजवलेलं पाणी), नारळाचं दूध, खसखस, तीळ, मिरी, एवढ्यावर तो उभा राहतो. अळणीच पाणचट असलं तर तिखट ओतून वेळ मारून नेता येत नाही. इथं वाटी तोंडाला लावली तर आधी नारळ लागला, मग मटणाचा उतरलेला रस, आणि गिळल्यावर घशाशी मिरी आली. मी चार वाट्या प्यालो.

नात आठवीत, इंग्रजी माध्यमात. म्हणाली, "आबा, टेस्टी सोडून दुसरा शब्द सांगा की." मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, हा प्रश्न वर्गात कुणी विचारला असता तर हवाच होता. तिला सांगितलं, सॅपिड.

अर्थ साधा: ज्याला चव आहे, आणि ती जिभेला रुचते, ते. इंग्रजीत तो सतराव्या शतकात लॅटिनच्या 'सापिदुस'वरून आला. गंमत अशी की त्याचा उलटा शब्द, इन्सिपिड, म्हणजे बेचव, सगळ्यांना ठाऊक. मूळ सॅपिड मात्र क्वचितच कुणी वापरतं. आधी 'इन' लागला की 'सा'चा 'सि' होतो, ही लॅटिनची खोड आहे. आपल्याकडं 'अळणी'चं तसंच: अ-लवण, म्हणजे मीठ नसलेलं. फक्त कोल्हापुरात अळणीत मीठ असतं, आणि लहान पोरांना तेच आधी पाजतात.

'सापिदुस'चं मूळ 'सापेरे' हे क्रियापद. त्याचे अर्थ दोन, चव असणं आणि शहाणं असणं. लिनियसनं 1758 साली माणसाला होमो सेपियन्स म्हटलं, ते सेपियन्स इथलंच. स्पॅनिश 'साबेर' आजही जाणण्याला आणि चव लागण्याला, दोन्हींना चालतो. संस्कृतात जाणकाराला रसज्ञ म्हणतात आणि जिभेला रसज्ञा. नातीला हे फार आवडलं, रुमालावर लिहून घेतलं तिनं.

हात धुवायला गेलो तेव्हा आतलं दिसलं. मावशींनी पळीतले दोन थेंब तळहातावर घेतले, चाटले, थोडा वेळ कुठंच न बघता उभ्या राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, "मीठ हाय. मिरी अजून उतरायची हाय, थांब जरा." सापेरे शिकवायला मला एवढं चांगलं उदाहरण कधी सापडलं नव्हतं.

तक्रार एकच, भाकरीची. दुसरी भाकरी यायला पाव तास लागला आणि आली ती गार. रश्श्याएवढीच काळजी तव्यावर घ्यायला हवी, मावशींना तसं बोललोही.

सोमवारी, शनिवारी बंद. रविवारी साडेबाराच्या आत गेलात तर जागा मिळते. पार्सलला डबा आपला न्यायचा, आणि पांढरा घरी तापवताना उकळी येऊ द्यायची नाही, फुटतो.